रेंजवर अप्पा बोलायचे

अप्पांनी मला नेम धरायला शिकवलं ते घरात, बंदुकीशिवाय. चामराजपेटेतलं आमचं घर लांबट होतं, एकामागे एक खोल्या, त्यामुळे पुढच्या दारातून बघितलं की थेट मागच्या न्हाणीचं दार दिसायचं. अप्पा मला पुढच्या खोलीत सतरंजीवर पालथं पडायला लावायचे, हातात अस्तराच्या ताग्यातून निघालेली लाकडी दांडी द्यायचे आणि न्हाणीच्या दारावर खडूनं काढलेल्या ठिपक्यावर नेम धरायला सांगायचे. दांडीच्या टोकाशी एक नाणं ठेवलेलं असे. अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरून ठेवायचा आणि बोट इतकं हळू मागे ओढायचं की ते कधी ओढून झालं हे आपल्यालाही कळू नये. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. आईला स्वयंपाकघरातून पुढे यायचं तर आमच्या नेमाच्या वाटेतूनच यावं लागे. ती परात हातात घेऊन उंबऱ्यावर थांबायची आणि विचारायची, येऊ का, की मारणार मला.

मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. नव्वदचं दशक सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. अप्पांचं मार्केटजवळ दुकान होतं, शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं. रिळं, बटणं, चेनी, काज्यांचा दोरा, अस्तर. दिवसभर कन्नडमध्ये बोलायचं, घरी येऊन आमच्या त्या बंगळुरी मराठीत, आणि रविवारी सकाळी मात्र हिंदीत. तरुणपणी त्यांना सैन्यात जायचं होतं. आजोबांनी जाऊ दिलं नाही. मग ते संध्याकाळच्या होमगार्डच्या परेडला जाऊ लागले आणि तिथे पहिल्यांदा त्यांच्या हातात रायफल आली. होमगार्ड सुटलं, रायफल सुटली नाही. येलहंकाच्या अलीकडे, नाचणीची शेतं आणि निलगिरीची झाडं होती त्या बाजूला, एका रायफल क्लबची रेंज होती. दर रविवारी ते दोन बस बदलून तिथे जायचे. मी अठराची झाले तेव्हा त्यांनी मलाही बरोबर घेतलं. नातेवाइकांत त्यावर बरंच बोलणं झालं. अप्पा पुढच्या रविवारी मला पुन्हा घेऊन गेले.

रेंज म्हणजे फार काही नव्हतं. एका टोकाला पत्र्याचं छप्पर, त्याखाली काथ्याच्या चटया, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध आणि बांधापुढे लाकडी चौकटी. चौकटींवर कागदी टार्गेटं टाचण्यांनी लावायची. वरून अधूनमधून हवाई दलाची विमानं जायची आणि ती जाईपर्यंत सगळे थांबायचे, कारण आवाजात हुकूम ऐकू यायचा नाही.

हुकूम देणारे होते उस्ताद. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले कूर्गी गृहस्थ, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. ते फार बोलायचे नाहीत. शिकवतानाही शेजारी उकिडवे बसायचे आणि दोन बोटांनी आपलं कोपर जरा आत सरकवायचे, किंवा गालावर बोट ठेवून तो लाकडाला नीट टेकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला गोळी मारूच दिली नाही. रायफल उचलायची, बोल्ट उघडायचा, आत बोट घालून रिकामी आहे याची खात्री करायची, खाली ठेवायची. एवढंच, दुपारपर्यंत. नळी कायम बांधाकडे. खाली ठेवलेल्या रायफलीचा बोल्ट उघडा. पुढे कोणी माणूस असेल तर रायफलीला हातसुद्धा लावायचा नाही. आणि हुकमाशिवाय काहीही करायचं नाही.

हुकूम चारच होते. "भर" म्हटलं की गोळी घालून बोल्ट बंद करायचा. "फायर" म्हटलं की मारायला सुरुवात. "रोक" म्हटलं की जिथे असाल तिथे थांबायचं. "खाली कर" म्हटलं की रायफल रिकामी करून, उघडी ठेवून उठायचं. मग सगळ्यांनी मिळून बांधाकडे चालत जायचं, आपापलं टार्गेट काढायचं, नवीन लावायचं, परत यायचं. परत सगळे आले की पुन्हा "भर". दर रविवारी हे चक्र किती वेळा फिरायचं कोण जाणे. शेवटी शेवटी ते शब्द कानात न पडता थेट हातात पडायला लागले. उस्तादांना तेच हवं होतं. डोकं रिकामं राहिलं पाहिजे, ते म्हणायचे, डोक्यात फक्त पुढची माशी हवी. माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो बारीक खुंट. टार्गेट धूसर दिसू दे, माशी स्पष्ट हवी.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी उस्ताद 'चालता नेम' घ्यायचे, म्हणजे जागा बदलत नेमबाजी. पत्र्याच्या थाळ्या उभ्या करायच्या, मध्ये डांबराचे रिकामे पिंप ठेवायचे. एका पिंपामागून उभ्यानं, दुसऱ्यामागून गुडघ्यावर, तिसऱ्यामागून पालथं पडून थाळ्या पाडायच्या. पळताना नळी बांधाकडेच आणि बोट घोड्याच्या बाहेर. मी त्यात बरी होते. अप्पा माझ्याहून बरे होते. सुटलेल्या पोटाचे, डोक्यावर विरळ केस असलेले, रिळं विकणारे अप्पा गुडघ्यावर बसत आणि थाळी पडे, उठत, धापा टाकत पुढे जात आणि पुढची थाळी पडे. उस्ताद त्यांना म्हणायचे, "अण्णा, आपका टाइम गलत जगह गुज़र गया." अप्पा लाजून हसायचे. परतताना बसमध्ये मला म्हणायचे, स्वल्प पोट कमी झालं तर अजून बसता येईल खाली.

मला कॉलेजनंतर एका कचेरीत नोकरी लागली. त्याच वर्षी, एका मंगळवारी सकाळी, अप्पा दुकानात पडले.

पडले म्हणजे एकदम कोसळले नाहीत. एका शिंप्याला ते चेन मोजून देत होते आणि मोजता मोजता त्यांच्या हातातून ती सुटून गल्ल्यावरून खाली उलगडत गेली. शिंप्याला वाटलं गंमत करतायत. तो हसला. मग अप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. शेजारच्या दुकानदारानं त्यांना रिक्षात घातलं. मला कचेरीत फोन आला तेव्हा कोणाचं काय झालंय हेच मला कळेना, कारण फोनवरचा माणूस नुसतं, लवकर ये अक्का, लवकर ये, एवढंच म्हणत होता.

उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पूर्ण गेलं. महिनाभरानं घरी आणलं तेव्हा ते काठी घेऊन, कोणाच्या तरी आधारानं, खोलीतल्या खोलीत चालू शकत होते. बोलण्याचं मात्र एकच उरलं होतं. "सरी." कन्नडमधलं 'बरं', 'ठीक आहे'. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाला ते शंभर वेळा म्हणायचे, तेच तेवढं तोंडात राहून गेलं होतं. पाणी हवं असलं तरी सरी. नको असलं तरी सरी. पाय दुखतोय, पंखा बंद करा, ही बाई कोण आलीय, सगळ्याला सरी. सूर मात्र वेगवेगळे. रागाचा सूर, विनवणीचा सूर, आणि आपल्याला कळलं नाही की मग तो खचलेला, खाली गेलेला सूर.

डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, बहुतेक सगळं, पण शब्द बाहेर काढणारी जागा दुखावलीय. रोज बोलत राहा. आई बोलत राहिली. ती त्यांच्यासमोर बसून एकेक वस्तू दाखवायची. हा तांब्या. म्हणा, तांब्या. अप्पा ओठ जुळवायचे, कपाळावर शिरा यायच्या, मानेतून जोर लावायचे आणि सरी म्हणायचे. ते चूक आहे हे त्यांना लगेच कळायचं. डाव्या हातानं ते तांब्या ढकलून द्यायचे. आई लादी पुसायची आणि वाटी पुढे करायची. ही वाटी. मी कचेरीतून यायचे तेव्हा हे चाललेलं असायचं. मी दारात चपला काढत उभी राहायचे आणि आत जावंसं वाटायचं नाही. काही करता येण्यासारखं नव्हतं. पाय चेपता येत होते, गोळ्या देता येत होत्या, मला ओळखता का विचारता येत होतं. ते माझ्याकडे बघायचे, नक्की ओळखायचे, नाव घ्यायला तोंड उघडायचे, आणि मीच घाईनं दुसरं काहीतरी बोलायला लागायचे, म्हणजे त्यांना ते पुरं करावं लागू नये.

पुढे डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. पाठ झालेलं, तालावर बसलेलं काही असेल तर ते कदाचित येईल, आकडे, आरती वगैरे. ते बोलणं नव्हे, पण घशाला व्यायाम. खरंच, गणपतीत सगळ्यांबरोबर आरतीच्या ओळी त्यांच्या तोंडून आल्या. आईनं ताट तसंच हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. आरती संपली आणि अप्पा पुन्हा सरीवर आले.

मी रेंजवर जायचं बंद केलं होतं. एका रविवारी उस्ताद घरी आले, अप्पांच्या समोर खुर्चीवर बसले, कॉफी प्यायले आणि जाताना मला म्हणाले की यांना एकदा घेऊन ये, नुसतं बसवू. आईला ते पटलं नाही. आवाजानं काही झालं तर? पण अप्पांनी ऐकलं होतं. पुढचा अख्खा आठवडा ते डाव्या हातानं दाराकडे बोट दाखवत राहिले.

गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्यानं आम्हांला नेलं. छपराखाली मागच्या बाजूला बाकावर त्यांना बसवलं, काठी मांडीवर ठेवली, कानांत कापूस घातला. ओळखीचे सगळे येऊन भेटून गेले. अप्पा सगळ्यांना सरी म्हणाले. मी खूप दिवसांनी चटईवर पडले, रायफल खांद्याला लावली, आणि वाट बघू लागले. उस्तादांनी श्वास घेतला. त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"भर."

तो अप्पांचा आवाज होता. स्पष्ट, भारदस्त, जसा पूर्वी होता तसा. मी मान वळवली. आजूबाजूच्या सगळ्यांनीच वळवली. अप्पा बाकावर ताठ बसले होते आणि समोर बांधाकडे बघत होते. उस्तादांनी हात वर करून आम्हांला थांबवलं. मग ते अप्पांपाशी गेले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, आज आप बोलिए. मैं इशारा करूँगा."

त्यांनी बोट वर केलं. अप्पा म्हणाले, भर. आम्ही भरल्या. बोट खाली आलं. अप्पा म्हणाले, फायर. मी पहिली गोळी कुठे मारली मला माहीत नाही, माशी पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. सगळ्यांचं संपलं तेव्हा उस्तादांनी पुन्हा बोट केलं आणि अप्पा म्हणाले, रोक. खाली कर. एकेक शब्द स्वच्छ, जागच्या जागी.

घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा तिनं ते खरं मानलं नाही. तिनं अप्पांसमोर बसून सांगितलं, म्हणा. अप्पांनी ओठ जुळवले, जोर लावला आणि सरी म्हणाले. मी दांडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, उस्तादांसारखं बोट वर केलं. नाही. घरात ते शब्द येईनात. दर रविवारी रेंजवर मात्र येत होते. आम्ही दर रविवारी जायला लागलो. पावसानं रेंज बंद राहिली की अप्पा दिवसभर जेवायचे नाहीत धड.

एका रविवारी आईही आली. लग्नाला जाताना नेसायची ती साडी नेसून, चपात्यांचा डबा घेऊन, रिक्षात अप्पांचा हात धरून. गोळ्यांचा आवाज तिला सहन होत नव्हता. कानांवर पदर दाबून ती त्यांच्या शेजारी बसली, आणि हुकमाची वेळ आली की पदर काढायची. फायर म्हटलं की पुन्हा दाबायची. परतताना मॅजेस्टिकच्या बसस्टँडाजवळ गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवाज तोच आहे गं." मग म्हणाली, "आता शब्द फिरवायला शिकले पाहिजेत. इथले तिथे."

तिची तीच आशा होती, माझीही. चार येतात तर पाचवा येईल, सहावा येईल. उस्ताद डॉक्टर नव्हते. पण महिना-दोन महिन्यांनी त्यांनी बोटानं इशारा करणं सोडून दिलं. गरज उरली नव्हती. अप्पांना ताल सापडला होता. ते आमच्याकडे बघायचे, सगळे पडले की भर, सगळे स्थिर झाले की फायर. क्लबातले लोक त्यांना कौतुकानं रेंज ऑफिसर म्हणायला लागले. अप्पा त्या दिवसांत दाढी रोज करून घ्यायला लागले.

तो रविवार वाऱ्याचा होता. 'खाली कर' झालं, आम्ही रायफली उघड्या ठेवून बांधाकडे गेलो. नेहमीसारखी टार्गेटं काढली. वाऱ्यानं एक चौकट आडवी झाली होती. बाकीचे आपापलं काम करून परत गेले, मी आणि क्लबातल्या एक बाई ती चौकट उभी करायला थांबलो. त्यांनी ती धरून ठेवली होती, मी खुंटीला दोरी बांधून मग कागद लावत होते. माझ्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. उस्ताद छपराखाली एका रायफलीत अडकलेली गोळीची रिकामी पुंगळी काढत होते, मान खाली घालून.

आमच्यामुळे त्या चक्रात जरा जास्त वेळ गेला. आणि मागून, वाऱ्याबरोबर, अप्पांचा आवाज आला. "भर."

मी वळले. एवढ्या लांबून छपराखाली सगळं अंधुक दिसतं, पण बाकावरची ताठ आकृती दिसत होती. परत गेलेले लोक उभेच होते, एकमेकांकडे बघत होते, त्यांना आम्ही दिसत होतो. पण क्लबात नवीन आलेले एक बँकेतले गृहस्थ होते. ते बिचारे, हुकमाचे शब्द थेट हातात पडावेत म्हणून आठवडाभर सराव करून आलेले. ते पालथे पडले. त्यांनी रायफल उचलली, बोल्ट बंद केला. मला बोल्टचा आवाज ऐकू आला की नाही सांगता येत नाही, मला वाटतं आला. रायफल खांद्याला लागली आणि नळीच्या जागी फक्त एक काळा ठिपका दिसायला लागला.

मला ओरडायचं होतं. तोंडात टाचण्या होत्या. त्या थुंकून टाकायला हव्या होत्या, एवढं साधं होतं, पण मला ते सुचलं नाही. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. शेजारच्या बाईंनी चौकट सोडली नाही, जणू ती पडली तर काही होईल. आणि मला माहीत होतं की पुढचा शब्द कोणता आहे.

"फायर," अप्पा म्हणाले.

गोळी सुटली नाही. उस्ताद त्या गृहस्थांच्या अंगावरच पडले, गुडघ्यानं रायफल जमिनीला दाबून धरली, आणि मग त्यांचं ते "रोक" आलं, मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकलं नव्हतं असं, फाटलेलं. ते बँकेतले गृहस्थ नंतर सारखे म्हणत होते की त्यांनी समोर बघितलंच नाही, त्यांनी फक्त माशी बघितली. कोणी त्यांना दोष दिला नाही. त्यांना शिकवलंच तसं होतं.

मी परत चालत आले. टाचण्या एकेक करून तळहातावर घेतल्या, ओठ जरासा फाटला होता. अप्पा बाकावर तसेच बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं, नेहमी हुकूम नीट आला की असायचं तसं. मग त्यांनी मला बांधाकडून येताना बघितलं. चटईवरच्या माणसाला बघितलं, त्याच्या शेजारी धापा टाकणाऱ्या उस्तादांना बघितलं, पुन्हा मला. हळूहळू ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एका जागी आलं. मी अजूनही सांगते, त्यांना कळलं. त्यांनी डावा हात तोंडावर ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. मी शेजारी बसले, त्यांचा हात काढायचा प्रयत्न केला, काही झालं नाही अप्पा, बघा, मी इथे आहे. हात निघेना. त्या हातात ताकद होती.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला त्या बाकावर बसून नीट समजलं. ते बोलणं नव्हतंच. ते चाक होतं, कोणीतरी ढकललं की चारही आरे फिरवून थांबणारं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला बोलणं म्हटलं होतं, आईनं, मी, उस्तादांनी. आणि अप्पांनीसुद्धा.

निघताना उस्ताद रिक्षापर्यंत आले. अप्पांच्या पायाशी उकिडवे बसले, शिकवताना बसायचे तसेच. ते माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून बोलले, हे मला आवडलं. "अण्णा, ज़िम्मेदारी मेरी थी. अब मैं आपको लाइन पर नहीं रख सकता."

अप्पांनी ऐकलं. मग तोंडावरचा हात काढला आणि म्हणाले, "सरी."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तो शब्द जिथे हवा तिथे पडला होता. त्यांनी तो मुद्दाम म्हटला, की नुसताच आला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायची काही सोय नव्हती. उस्तादांनी मान हलवली आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

आईला मी खरं सांगितलं नाही असं नाही, सांगितलं. ती ऐकून आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. पुढच्या रविवारी तिनंच त्यांचे बूट काढून आणले. बसू देत ना नुसते मागे, म्हणाली, हुकूम दुसरा कोणी देईल, ऐकू तर देत. मी खाली बसून बूट पुढे केला. अप्पांनी चांगला पाय खुर्चीखाली ओढून घेतला, मग हातानं उचलून दुसराही. मी दोनतीन रविवार प्रयत्न केला. ते पाय पुढे काढत नसत. नंतर बूट मी माळ्यावर टाकले.

ते चार शब्दही मग गेले. एकदा टीव्हीवर परेड चालू असताना मी मुद्दाम आवाज मोठा केला. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. उस्ताद महिन्यातून एकदा यायचे, अप्पांच्या समोर बसायचे, कॉफी प्यायचे. ते गेल्यावर अप्पा नीट झोपायचे, एवढं आईनं पाहून ठेवलं होतं.

मी काही महिन्यांनी पुन्हा रेंजवर गेले. नेम तसा वाईट नव्हता. पण टार्गेट लावायला गेले की पाठ छपराकडे करवेना. मी बांधापाशी तिरकी उभी राहून, एका डोळ्यानं मागे बघत कागद लावायचे. उस्ताद ते बघायचे आणि मी परत येईपर्यंत रायफलींपाशी उभे राहायचे. पुढच्या मोसमात माझं लग्न झालं, मी बंगळुरातच मल्लेश्वरमला गेले, आणि रविवार आपोआप दुसऱ्या कामांनी भरले.

तिकडे राहायला गेल्यावर मला कळलं की बोलणं शिकवणारी माणसं असतात, त्याचं शिक्षण असतं. एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा चामराजपेटेत यायला लागली. मराठी तिला येत नव्हती. ती अप्पांना कन्नडमध्ये शिकवायची, चित्रं दाखवून, टाळ्या वाजवून, गाऊन. वर्षभरात काही शब्द आले. पाण्याला नीरू. भाताला अन्न. नकोला बेडा, आणि हे नको म्हणता येणं त्यांना इतकं आवडलं की काही दिवस ते सगळ्यालाच नको म्हणत होते. मराठी काही आलं नाही. त्या शिकवणाऱ्या बाईला ते अक्का म्हणायला लागले, ती स्वतःला तसंच म्हणवून घेत असे म्हणून. मग तो शब्द त्यांनी पसरवला. शेजारणीला अक्का, भाजीवालीला अक्का. एक दिवस आईला. आई वैतागली. आयुष्यभर ज्याच्या घरात राबले, म्हणाली, त्याची मी बहीण झाले. पण ओ दिली तिनं.

मी दर रविवारी जायचे. त्या बाईनं मला विचारलं होतं, तुमचं नाव त्यांना शिकवून बघू का, पण त्यात त्यांना फार त्रास होतो, राहू द्यावं असं मला वाटतं. मी म्हटलं राहू दे. दारातून आत आले की अप्पा खुर्चीत ओठ जुळवायला लागायचे. मी चपला काढत तिथेच थांबायचे, घाई करायची नाही असं मी ठरवलं होतं. त्यांना वेळ लागायचा. मान पुढे यायची, कपाळ आक्रसायचं, आणि मग ते म्हणायचे, "अक्का."

मी म्हणायचे, आले अप्पा.